घासाएवढी वाक्यं

पुरस्काराचा फोन आला तेव्हा दीपमाला पालक निवडत बसली होती. ओल्या हातानंच तिनं फोन कानाला लावला. पलीकडचे गृहस्थ बराच वेळ बोलत होते. ती मधूनमधून ‘हो’ म्हणत होती, शेवटी ‘आभारी आहे’ म्हणाली आणि फोन खाली ठेवून पुन्हा जुडीकडे वळली.

“कुणाचा गं?” शेखरनं पेपरामागून विचारलं.

“ढगांच्या पुस्तकाला पुरस्कार दिलाय म्हणे. राज्याचा.”

शेखर उठून आला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांपाशी काढलेला माणूस. आनंद झाला की काय करायचं असतं, हे त्याला कधी कळलंच नाही. त्यानं बायकोच्या पुढ्यातली पालकाची जुडी ओढून घेतली आणि स्वतःच निवडायला बसला. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाला, “लासलगावला कळव आधी.”

“कळवते,” ती म्हणाली. पण फोन तिनं लगेच उचलला नाही.

दीपमाला आहेर हे नाव आज जिल्ह्यातल्या शाळांना माहीत आहे. तिसरी-चौथीच्या पोरांना तिची भुरकी पाठ असते. भुरकी म्हणजे एक लहानसा ढग, सगळ्या ढगांच्या मागून निघणारा आणि वाट चुकणारा. पण ही भुरकी पहिल्यांदा कुणाला सांगितली, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यातलं एक माणूस इथं पालक निवडत होतं आणि दुसरं लासलगावला होतं.

दीपमाला मूळची कळवणकडची. वडिलांची थोडी बागायत, आणि घरात दोघी बहिणीच. दीपमालानं डी.एड. केलं. नोकरी लागायच्या आधी लग्न लागलं आणि ती एकलहऱ्याच्या कॉलनीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. धाकटी सुवर्णा लासलगावला दिली. तिचा नवरा रविराज कांद्याचा व्यापारी, घर मार्केट यार्डाच्या पाठीमागेच. सुवर्णाला लवकरच मुलगी झाली, सायली. दीपमालाच्या घरी मात्र पाळणा हलला नाही. नाशिकचे डॉक्टर झाले, कुणीकुणी सांगितलेले नवस झाले. एकदा असंच दवाखान्यातून येऊन ती न जेवता पडून राहिली, तेव्हा सासू गोजराबाई ताट घेऊन तिच्या उशाशी बसली.

“लेकरू झालं तर झालं, नाय तर नाय. तू आधी जेव. तूबी कुणाचं लेकरूच हाय की.”

गोजराबाईनं त्यानंतर तो विषय कधी काढला नाही आणि शेजारणींनाही काढू दिला नाही.

सायली अडीच वर्षांची असताना सुवर्णाला मुलगा झाला. राज. त्याच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. दूध पिताना पोराचे ओठ निळे पडायचे. मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका सकाळी रविराज जीप घेऊन एकलहऱ्याला आला. सायली त्याच्या खांद्यावर झोपलेली होती.

“ताई, चार दिवस ठेवून घ्या हिला. सुवर्णाला तिकडंच राहावं लागणार हाय.”

दीपमालानं मुलीला उचलून घेतलं. झोपलेल्या मुलाचं वजन किती वेगळं असतं, ते तिला त्या दिवशी कळलं. सगळं अंग तुमच्यावर सोडून दिलेलं.

जाग आल्यावर पोरीनं जो टाहो फोडला, तो दोन दिवस थांबला नाही. पाणीसुद्धा घेईना. तिसऱ्या दिवशी दीपमालानं वाटीत दूधभात कालवला आणि तिला मागच्या दाराच्या पायरीवर घेऊन बसली. तिथून वीजकेंद्राचे टॉवर दिसायचे. त्यांच्यातून वाफेचे पांढरेशुभ्र लोट वर चढत होते. सायली रडता रडता थांबली. बोट दाखवून म्हणाली, “ते काय?”

“ढग.”

“कोण करतं?”

“तुझा काका. ड्युटीवर जाऊन तेच तर करतो तो.”

सायलीनं तोंड उघडं टाकलं. दीपमालानं त्यात घास घातला.

तिथून गोष्ट सुरू झाली. सगळ्यात शेवटचा ढग निघाला. तो अगदी लहान होता. त्याचं नाव भुरकी. मोठे ढग सिन्नरकडे निघून गेले. भुरकी मागेच राहिली. एका वाक्याला एक घास. पुढचं वाक्य हवं तर तोंड उघडायचं. वाटी संपेपर्यंत भुरकी गोजराबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यात अडकली होती आणि गोजराबाई चिमटे लावून तिलाही वाळत घालत होती. सायली खुदकन हसली. स्वयंपाकघरात गोजराबाईनं पदरानं डोळे पुसले.

मग ते रोजचंच झालं. सकाळी भुरकी कोळशाच्या वॅगनवर बसून काळी व्हायची, दुपारी राखेत लोळून करडी व्हायची, संध्याकाळी दारणेच्या पाण्यात अंघोळ करून पांढरी. शेखर ड्युटीवरून आला की सायली दारातच जाब विचारायची, “आज किती ढग केले?” तो डबा खाली ठेवून गंभीरपणे सांगायचा, “आज जरा कमी झाले गं. कोळसा ओला होता.”

गोष्टीचा शेवट मात्र ठरलेला होता. शेवटच्या घासाआधी सायली विचारायची, “मग भुरकी घरी गेली?”

“गेली.”

“आई होती घरी?”

“होती.”

“काय केलं होतं आईनं?”

“कढी.”

मगच तो घास पोटात जायचा.

चार दिवसांची तीन वर्षं झाली. राजचं एक ऑपरेशन झालं, ते पुरेसं नव्हतं, मग दुसरं झालं. सुवर्णा अधूनमधून यायची, मुलीला छातीशी धरून बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. सायली आधी दीपमालाला मावशी म्हणत होती. मग कॉलनीतल्या पोरांचं ऐकून ‘मोठी आई’ म्हणू लागली. पुढे त्यातलं ‘मोठी’ गळून गेलं. दीपमालानं ते गळू दिलं.

राजला बरं वाटू लागलं, तो जिना चढू लागला, तेव्हा मे महिन्यात सुवर्णा आणि रविराज सायलीला न्यायला आले. जूनमध्ये तिला लासलगावच्या शाळेत घालायचं होतं. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले. स्वयंपाकघरात दोघी बहिणी होत्या. दीपमाला पोळ्या लाटत होती. लाटता लाटता थांबली आणि म्हणाली,

“सुवर्णा, तुला राज आहे. अजूनही होतील तुला. हिला माझ्याकडे राहू दे.”

सुवर्णा तव्याकडं बघत होती. पोळी करपली, तिनं ती काढून बाजूला ठेवली.

“ताई, तू मागितलं म्हणून मला राग नाय आला,” ती म्हणाली. “तुझ्या जागी मी असते तर मीबी मागितलं असतं. पण पुन्यांदा मागू नको. तू पुन्यांदा मागितलं तर मला नाय म्हणवणार नाय, आणि मग मी जगायची नाय.”

दीपमालानं पुन्हा मागितलं नाही. सायलीचे फ्रॉक तिनं स्वतः घडी घालून पिशवीत भरले. सायली जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, फिरायला जायला मिळतंय म्हणून खूश होती. जीप कॉलनीच्या गेटपाशी वळेपर्यंत तिनं मागे पाहिलंही नाही. लहान मुलं पुढेच बघतात, असं शेखर म्हणाला.

पंधरा दिवसांनी सुवर्णाचा फोन आला. आवाज बसलेला होता. सायली रात्रंदिवस रडत होती, हाक मारायची ती दीपमालाला, आणि सुवर्णा जवळ गेली की तिला ढकलून द्यायची. “ताई, थोडे दिवस तू येऊ नको. फोनबी करू नको. तिला मला आई म्हणू दे एकदा.”

“नाही येत,” दीपमाला म्हणाली.

ती गेली ती थेट पुढच्या दिवाळीनंतर. भाऊबीज उलटून गेली होती, लासलगावच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि तिची रिक्षा त्या रांगेत अडकून पडली. शेवटी ती उतरून चालत निघाली. दारात सायली होती. उंच झाली होती, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. दीपमालाला पाहून ती आईच्या मागे गेली. “अगं, मावशी आली ना, पाणी दे तिला,” सुवर्णा म्हणाली. सायलीनं पेला आणला. पाहुण्यांना देतात तसा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हणाली,

“घ्या, मावशी.”

घ्या. दीपमालानं पाणी घेतलं. पेला मोकळा करून परत दिला. पोहे झाले, चहा झाला, राजनं आपल्या छातीवरचा टाक्यांचा वण दाखवला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती निफाडपर्यंत नुसती बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं शेखरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “त्या गोष्टी लिहून काढ.”

“मी नाही विसरायची त्या.”

“तू नाही विसरणार. पण ती विसरेल. वाचता यायला लागली की सापडतील तिला.”

असं लिहिणं सुरू झालं. दुपारी गोजराबाई आडवी झाली की दीपमाला मागच्या पायरीवर बसून लिहायची. पहिल्यांदा तिनं पुस्तकी भाषेत लिहिलं, ‘निळ्याशार नभांगणात’ वगैरे. मोठ्यानं वाचून पाहिलं आणि तिलाच हसू आलं. हे ऐकून कुठल्या पोरानं तोंड उघडलं असतं? ती सगळी पानं तिनं चुलीत घातली. मग तिनं समोर सायली बसली आहे असं धरून वाक्य म्हणायला सुरुवात केली. हात आपोआप पुढे व्हायचा, चिमटीत घास असल्यासारखा. जिथं तोंड उघडायचं तिथं वाक्य थांबायचं. मग ते लिहायचं.

एका मुलांच्या मासिकाच्या दिवाळी अंकात पहिली गोष्ट आली. मग दर वर्षी येत गेल्या. नाशिकच्या एका प्रकाशकानं पहिलं पुस्तक काढलं, ते खपलं, दुसरं काढलं. एका समीक्षकानं लिहिलं की लेखिकेची वाक्यं छोटी आहेत आणि त्यांचे विराम असे अचूक आहेत, जणू प्रत्येक ठिकाणी मूल श्वास घेण्यासाठी थांबलं आहे. शेखरनं ते वाचून दाखवलं तेव्हा दीपमाला म्हणाली, “श्वास घ्यायला नाही हो, घास घ्यायला.” आणि आत निघून गेली.

प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत लासलगावला जायची. सायलीचा फोन यायचा, “मावशी, भारी आहे गं! आमच्या बाईंनी वर्गात वाचलं.” बोलण्यात माया असायची. ती चांगली, मोकळी मुलगी होती, कुठल्याही मावशीला तू म्हणतात तशी तिलाही तू म्हणायची आता. सुट्टीत येऊन चार दिवस राहून जायची. पण भुरकीचं पुस्तक हातात घेऊन ती कधी अडखळली नाही, कधी म्हणाली नाही की हे मी कुठंतरी ऐकलंय. दीपमाला वाट पाहायची. पुढच्या पुस्तकात मुद्दाम आणखी जवळची खूण घालायची. लुगड्याचा चिमटा, दारणेचा घाट, ओला कोळसा. सायली ते सगळं वाचायची आणि हसायची, जसं आटपाडीचं किंवा अकोल्याचं एखादं मूल वाचून हसेल तसं.

शाळांमधून बोलावणी येऊ लागली. पेठपासून येवल्यापर्यंत ती एसटीनं जायची. मुलं हमखास विचारायची, “तुम्ही तुमच्या मुलांना रोज गोष्ट सांगता का?” शिक्षक कानकोंडे व्हायचे. दीपमाला म्हणायची, “सांगत होते.” मुलांचं तेवढ्यानं भागायचं.

गोजराबाई गेली, शेखर निवृत्त झाला, क्वार्टर सोडावं लागलं. नाशिकच्या जेलरोडला त्यांनी फ्लॅट घेतला. तिथून टॉवर दिसत नाहीत. नवीन घरात दीपमालाला पहिलं वर्षभर काही लिहायला सुचलं नाही. मग तिनं जुन्याच सगळ्या गोष्टी एकत्र घेतल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शेवट बदलला आणि एक मोठं पुस्तक केलं. या पुस्तकात भुरकी घरी जात नाही. ती लांब कुठंतरी, वाळलेल्या कांद्याच्या रानावर पाऊस होऊन पडते आणि तिथलीच होते. संपादक म्हणाला, मुलांना हे दुःखाचं वाटेल. दीपमाला म्हणाली, “मुलांना नाही वाटत.” पुरस्कार मिळाला तो याच पुस्तकाला.

सोहळा नाशिकला, कालिदास कलामंदिरात, रविवारी सकाळी होता. लासलगावहून सुवर्णा आणि सायली आल्या. सायली आता पिंपळगावला एका द्राक्षाच्या कंपनीत मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला होती. मावशीला नेसवायला म्हणून ती पहाटेच निघून आली आणि निऱ्या धरताना म्हणाली, “हलू नको गं, लहान मुलासारखी काय चुळबुळ करतेस!”

शाल झाली, सन्मानचिन्ह झालं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “दीपमालाताई, लिहिताना डोळ्यांसमोर कुणी वाचक असतो का?”

पहिल्या रांगेत सुवर्णा होती. तिच्या शेजारी सायली मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होती. सुवर्णानं मान खाली घातली नाही. ती बहिणीकडे सरळ बघत होती, सांगायचं तर सांग, अशी. दीपमालाच्या तोंडाशी नाव आलं होतं.

“एक मूल असतं,” ती म्हणाली. “त्याला भूक लागलेली असते आणि ते जेवत नसतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सायलीनंही मोबाइल मांडीवर ठेवून जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

दुपारी सगळे जेलरोडच्या घरी जेवायला आले. शेखरनं श्रीखंड आणून ठेवलं होतं. जेवताना सायलीनंच विषय काढला. “मावशी, मी लहानपणी तुमच्याकडे होते ना एकलहऱ्याला? मला खरंच काही आठवत नाही. एक लाल पायरी आठवते, पण ती आमच्या घराचीच असेल.”

“क्वार्टरची पायरी सिमेंटची होती,” शेखर म्हणाला.

“मग आमचीच,” सायली म्हणाली आणि श्रीखंड वाढून घेतलं. पहाटे उठलेली, त्यात पोट भरलेलं. जेवण झाल्यावर ती पुढच्या खोलीत दिवाणावर आडवी झाली, थंडी वाजते म्हणून मावशीची पुरस्काराची शाल अंगावर ओढली आणि बघता बघता झोपली.

दोघी बहिणी मागं स्वयंपाकघर आवरत होत्या. सुवर्णा भांडी विसळत होती.

“ताई, एक सांगू? तुझी पहिली गोष्ट छापून आली ना, त्या दिवाळी अंकात. मी दोघा पोरांना वाचून दाखवत होते. भुरकी लुगड्यात अडकली, एवढंच वाचलं. तर ही म्हणाली, आई, थांब. पुढची मी सांगते.”

दीपमालाच्या हातातलं फडकं थांबलं.

“अंकात नव्हती तशी सांगितली तिनं. लय मोठी. काका ढग करतो, कोळसा ओला होता, कढी केली होती. सगळं. राज नुसता तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी म्हटलं, बाई, तुला कुणी सांगितलं हे? तर म्हणाली, आईनं. आणि मग माझ्याकडं बघून गप्पच झाली. तिला वाटलं, मी रडीन.”

नळ वाहत होता. सुवर्णानं तो बंद केला.

“त्यानंतर तिनं कधी सांगितली नाय. माझ्यासाठी सोडून दिली तिनं ती, असं मला वाटतं. एवढीशी होती, पण सोडून दिली. मग खरंच विसरली.”

इतकी वर्षं दीपमालाला वाटत होतं, आपलं पोरीपर्यंत पोचलंच नाही. ते पोचलं होतं. पोरीनं ते पुरं सांगितलं होतं, तिच्या शब्दांत, धाकट्या भावाला, आणि मग हातानं बाजूला ठेवलं होतं. ते ऐकायला आपण तिथं नव्हतो, एवढंच. तिनं पदर तोंडाशी धरला. सुवर्णानं ओल्या हातानंच तिचं मनगट धरलं आणि दोघी तशाच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“राजला अजून आठवते ती गोष्ट,” सुवर्णा थोड्या वेळानं म्हणाली. “दवाखान्यात तपासणीला जाताना मला म्हणायचा, दीदीची गोष्ट सांग. मला कुठं येत होती?”

दीपमाला डोळे पुसून हसली. “त्याला म्हणावं, ये एकदा. सांगते.”

“पंचविशीचा घोडा झालाय तो, ताई.”

“मग जेवायला ये म्हणावं.”

बाहेर शेखर रिक्षा बघायला गेला होता. लासलगावची गाडी सुटायची वेळ होत आली होती. सुवर्णानं पिशवी भरली, डब्यात श्रीखंड घेतलं, चप्पल पायात सरकवली.

“उठव तिला, ताई. गाडी चुकंल.”

दीपमाला पुढच्या खोलीत गेली. सायली कुशीवर वळून झोपली होती, एक हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. केसांची बट श्वासाबरोबर हलत होती. दीपमाला दिवाणाच्या कडेला बसली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, मारली नाही. सायलीच्या पायावरून घसरलेली शाल तिनं पुन्हा वर ओढली.

सुवर्णा दारात येऊन उभी राहिली. बहिणीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग तिनं चप्पल काढली, पिशवी भिंतीशी टेकवून ठेवली आणि जमिनीवर मांडी घालून बसली.

“झोपू दे,” ती हळू आवाजात म्हणाली. “मागून दुसरी गाडी हाय.”